फी भरून उमेदवारी

१९६१ सालचा ॲप्रेंटिसेस ॲक्ट हा काही घरोघरी वाचला जाणारा ग्रंथ नव्हे. एरवी तो आयटीआयच्या कपाटात पडून असतो आणि तपासणी आली की कारखान्याच्या एचआरवाल्याला आठवतो. तरी त्यातल्या दोन गोष्टी नववी-दहावीच्या पालकांनी जरूर वाचाव्यात. एक, काम धोक्याचं नसेल तर चौदा वर्षं पूर्ण झालेलं मूल उमेदवारीला लागू शकतं. दोन, त्या उमेदवाराला मालकाने विद्यावेतन द्यायचं असतं आणि त्याची किमान रक्कम सरकार ठरवतं. म्हणजे पोराने हातात पाना धरला की पैसे मालकाच्या खिशातून पोराच्या खिशात जातात. सहा दशकं ही रीत सगळ्यांना स्वाभाविक वाटत आली. आता मुंबई-पुण्यात परदेशी विद्यापीठांतल्या प्रवेशासाठी ‘प्रोफाइल बिल्डिंग’ नावाचा जो उद्योग भरभराटीला आलाय, त्याने तिच्यात एक छोटीशी सुधारणा केली आहे. शिकणाऱ्याचं वय तेच, कामाची जागा तशीच, फक्त पैसे उलट्या दिशेने जातात. मूल दोन आठवडे एखाद्या ऑफिसात बसतं आणि त्याबद्दल मुलाचे वडील पैसे भरतात. पगार देऊन माणूस ठेवण्याच्या भानगडीतून भांडवलशाहीला कुणीतरी अखेर सोडवलं, याबद्दल खरं तर अर्थशास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवायला हव्यात.

माझं म्हणणं एवढंच आहे की शाळकरी मुलांसाठीचा कोणताही ‘समृद्धी’ देणारा कार्यक्रम तपासायचा असेल तर माहितीपत्रकाची पानं चाळू नयेत, पैसा कुठून कुठे जातो ते पाहावं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिंपियाडची शिबिरं होतात. चाळण्यांमागून चाळण्या लावून देशभरातून मूठभर मुलं निवडतात आणि त्यांचा राहण्या-जेवण्याचा खर्च केंद्र करतं. ‘इस्रो’ने २०१९ मध्ये नववीच्या मुलांसाठी ‘युविका’ सुरू केलं. त्यात प्रवासापासून वह्या-पुस्तकांपर्यंतचा खर्च इस्रोकडे. अमेरिकेत एमआयटीच्या आवारात भरणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट ही शाळकरी मुलांच्या संशोधन शिबिरांमध्ये पहिल्या पंक्तीची मानली जाते. तिथे शंभरच्या आसपास मुलं घेतात आणि शिकवणीचे, राहण्याचे, जेवणाचे पैसे घेत नाहीत. या तिन्ही ठिकाणी संस्थेला मूल हवं असतं, म्हणून ती खर्च करते. आता दुसरीकडे पाहा. हार्वर्डच्या नावाने चालणाऱ्या दोन आठवड्यांच्या प्री-कॉलेज कार्यक्रमाची फी पाच हजार डॉलरच्या वर आहे, विमानाचं तिकीट वेगळं. नामांकित विद्यापीठांच्या सुट्टीत रिकाम्या पडलेल्या वसतिगृहांत खासगी कंपन्याही आपले वर्ग भरवतात. मूल त्या आवारात झोपतं, त्या आवाराचा टी-शर्ट घालून परत येतं, आणि विद्यापीठाच्या प्राध्यापकाला मात्र ते आल्या-गेल्याचा पत्ताही नसतो. इथे हवा असतो तो पालक. मूल त्याच्याबरोबर ओघाने येतं.

इकडच्या देशी आवृत्तीत थोडी अधिक आपुलकी असते. ‘अभिनंदन, तुमच्या पाल्याची निवड झाली आहे’ असा ई-मेल येतो. त्याच्या खालच्या ओळीत अमुक तारखेच्या आत पैसे भरल्यास सवलत असते. निवड आणि सेल एकाच पत्रात मावण्याचं हे दुर्मीळ उदाहरण. क्षेत्रं निवडायला भरपूर. इन्व्हेस्टमेंट बँकिंग, कॉर्पोरेट कायदा, कृत्रिम बुद्धिमत्ता, धोरण संशोधन. आता सोळा वर्षांच्या मुलाला कोणतीही शहाणी बँक खरा हिशेब हाताळू देणार नाही, आणि देऊही नये. त्यामुळे त्याच्यासाठी काम तयार करावं लागतं. कुणीतरी चार वर्षांपूर्वीचा अहवाल शोधून देतो, मुलं त्यावर स्लाइड बनवतात, शेवटच्या दिवशी सादरीकरण होतं, संचालक येऊन हात मिळवतात, ग्रुप फोटो निघतो. ज्या कर्मचाऱ्याला या पोरांसाठी काम शोधण्याचं काम दिलेलं असतं, तो त्या कचेरीतला त्या पंधरवड्यातला सर्वांत राबलेला माणूस. त्याच्या वाया गेलेल्या तासांचा विचार केला तर फी अगदी रास्त आहे, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. आणि अनुभव खोल नव्हता अशी तक्रार करण्यातही अर्थ नाही. अमेरिकी विद्यापीठांच्या सामायिक अर्जात, म्हणजे कॉमन ॲपमध्ये, अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांसाठी दहा रकाने असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला दीडशे अक्षरं. वर्णनाला दीडशे अक्षरंच मिळणार असतील तर त्याहून जास्त काही घडवून आणणं ही निव्वळ उधळपट्टी आहे.

संशोधनाचंही तसंच. ‘प्रोपब्लिका’ या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेने २०२३ मध्ये या धंद्याचा लेखाजोखा मांडला. पैसे घेऊन शाळकरी मुलांना संशोधनाचा मार्गदर्शक मिळवून देणाऱ्या कंपन्या आणि त्या मुलांचे निबंध छापायला उभी राहिलेली ऑनलाइन नियतकालिकं, असा सगळा संसार त्यात होता. मार्गदर्शक बरेचदा स्वतःच पीएचडी करणारे विद्यार्थी. शिष्यवृत्तीत भागत नाही म्हणून अकरावीतल्या ‘संशोधकाला’ तासावर शिकवणारे. ज्ञानाच्या मागे लागलेल्या गरीब माणसाला श्रीमंत घरातल्या मुलाकडून चार पैसे मिळतात, हा या व्यवस्थेतला बहुधा एकमेव खराखुरा आर्थिक लाभ असेल. त्याला मी बोल लावणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘तिकडची विद्यापीठं मागतात, आम्ही काय करणार?’ आक्षेप अर्धा खरा आहे. विद्यापीठं उपक्रम विचारतात, पण पावती विचारत नाहीत. त्याच अर्जातल्या उपक्रमांच्या यादीत पगारी नोकरी हा एक प्रकार आहे आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या हाही एक प्रकार आहे. आजोबांचं डायलिसिस सांभाळणारी, धाकट्या भावाला शाळेत सोडणारी, संध्याकाळी किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी मुलगी तिथे रीतसर नोंद करू शकते. तिला प्रवेशाचा सल्ला देणारा कुणी काउन्सेलर तसं सांगत नाही, कारण त्यात काउन्सेलरला काही विकता येत नाही. २०१६ मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या एका प्रकल्पाने तर अहवालच काढला. उपक्रमांची संख्या मोजू नका, मूल इतरांसाठी आणि घरासाठी काय करतं ते पाहा, असा त्याचा सूर होता आणि अनेक मोठ्या महाविद्यालयांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला. अहवालाचा हेतू दरपत्रक मोडायचा होता. बाजाराने त्यात करुणेची एक ओळ वाढवली. तेव्हापासून ‘पॅशन प्रोजेक्ट’ची लाट आली. सोळाव्या वर्षी स्वयंसेवी संस्था स्थापन करायची, तिला इंग्रजी नाव द्यायचं, लोगो करून घ्यायचा, आणि पालघर किंवा कर्जतकडच्या एखाद्या आदिवासी पाड्यावर रोबोटिक्स शिकवायला जायचं. मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळा बंद असतात, ही एक किरकोळ अडचण. पण पाड्यावरची पोरं समजूतदार असतात. फोटोपुरती येऊन बसतात. संस्थापक परदेशी गेला की संस्था बंद पडते, नि पुढच्या वर्षी त्याच पाड्यावर नवा संस्थापक नवा लोगो घेऊन उतरतो. गरिबांचा उद्धार इतक्या नियमाने दुसऱ्या कुठल्या खात्याने केलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो झटकून टाकणं अन्यायाचं होईल. बड्या घरातल्या मुलाला इंटर्नशिप फुकटच मिळते. काका भागीदार असतो, आत्या डॉक्टर असते, वडिलांचा क्लबातला मित्र ‘उद्यापासून पाठव’ म्हणतो. ज्या घराला असे काका-आत्या नाहीत, त्या घरातल्या नोकरदार बापाने तीच खुर्ची रोख पैसे मोजून घेतली तर बिघडलं काय? उलट वशिल्यापेक्षा दरपत्रक बरं; त्यावर निदान जीएसटी तरी लागतो. हा युक्तिवाद मला जवळजवळ पटतो. अडतं एवढ्यावरच की वशिल्याची किंमत तो सगळ्यांकडे नसण्यात असते. जी खुर्ची पैसे भरणाऱ्या कुणालाही मिळते ती काकांच्या खुर्चीशेजारी ठेवलेली असली तरी तिचा भाव दर हंगामाला उतरत जातो, आणि म्हणून पुढच्या हंगामात आणखी महाग खुर्ची घ्यावी लागते. नोकरदार बाप धावतो, पण काका जागचे हलत नाहीत. अमेरिकेत याचा हिशेब झालेलाही आहे. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये तिथल्या बारा अतिप्रतिष्ठित महाविद्यालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेश परीक्षेत सारखेच गुण असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतलं मूल मध्यमवर्गीय मुलापेक्षा तिथे पोचण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. कारणं तीन: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची भरती, आणि ‘अभ्यासेतर’ गुणांकन, म्हणजे हेच आपले उपक्रम, शिफारसपत्रं वगैरे. त्याच अभ्यासाची पुढची नोंद अधिक बोचरी आहे. परीक्षेतल्या गुणांवरून मूल पुढे आयुष्यात काय करील याचा अंदाज बराचसा येतो, या अभ्यासेतर गुणांकनावरून येत नाही. थोडक्यात, अर्जाच्या ज्या भागातून मुलाविषयी सर्वांत कमी कळतं, त्याच भागासाठी पालक सर्वांत जास्त पैसे मोजतात.

‘तरी काहीतरी शिकतातच ना!’ हा तिसरा आक्षेप. शिकतात. ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी लोक कशाविषयी बोलतात, साहेब आला की आवाज कसे बदलतात, हे कळणं अगदीच वाया नाही. पण त्यासाठी लाखभर रुपये कशाला? ज्याला कायद्याची गोडी आहे त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाची सुनावणी २०२२ पासून घरबसल्या फुकट पाहता येते, आणि सरन्यायाधीश ज्येष्ठ वकिलाला अडवून काय विचारतात ते ऐकता येतं. कुठल्याही लॉ फर्ममध्ये पंधरा दिवस स्टेपलर शोधून एवढं मिळणार नाही. अर्थकारण पाहायचं तर लासलगावला कांद्याचा लिलाव पाहावा. भाव सकाळी काय नि दुपारी काय, आणि शेतकरी कुठल्या क्षणी गप्प होतो, हे कुठल्याच स्लाइडवर येत नाही. दोन्ही ठिकाणी फी नाही, म्हणून प्रमाणपत्र नाही, म्हणून अनुभव झालेला नाही. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात ‘कमवा आणि शिका’ चालवलं, तेव्हा पोरं शेतात आणि बांधकामावर राबून शिक्षणाचा खर्च भागवत होती. श्रम देऊन शिक्षण घ्यायचं, असा तो सौदा होता. आताच्या सौद्यात पैसे देऊन श्रम केल्याचा दाखला घ्यायचा असतो, आणि श्रम केलेच पाहिजेत असा आग्रह दोन्ही बाजूंना नसतो.

मधल्या काळात पैसे मुलाकडे नेणारे रस्ते मात्र एकेक करून बंद झाले. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ पासूनची. तिच्यात निवड झालेल्या मुलाला अकरावी-बारावीत महिना १२५० रुपये मिळत. ती योजना २०२१ पासून पुढील आदेशापर्यंत थांबली, आणि पुढील आदेश अजून पुढेच आहे. विज्ञानाकडे मुलं वळावीत म्हणून १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाली. प्रज्ञेचा शोध घ्यायला सरकारला महिना साडेबाराशे परवडेनात. तीच प्रज्ञा आपल्या घरात आहे हे सिद्ध करायला पालकांना लाख परवडतात. लोकसहभागातून विकास म्हणतात तो याहून वेगळा काय असणार?

सरकारने हा विषय अगदीच सोडला, असं मात्र म्हणता येणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे, कलावंताकडे उमेदवारी करावी. सुट्टीतही, बारावीपर्यंत, अशा संधी असाव्यात. कल्पना उत्तम आहे. सुताराकडे जे काम असतं ते खरं असतं. त्याला पोरांसाठी वेगळं शोधावं लागत नाही, आणि चूक झाली की चौकट दारात बसत नाही, हे पोराला तिथल्या तिथे दिसतं. चाळीस पोरं दहा दिवस सांभाळताना त्याचा रोज बुडेल तो कोण भरून देणार, एवढा एकच प्रश्न. वास्तविक तो सहज सुटेल. इन्व्हेस्टमेंट बँकेला मोजतात त्याच्या दहाव्या हिश्श्यात कुठलाही सुतार पोराला रंधा धरायला शिकवील, वर दुपारचा चहा पाजील. शहरातले पालक ही रक्कम आनंदाने भरतीलही. पण दहाव्या दिवशी शिफारसपत्र लागेल, आणि सुताराकडे लेटरहेड नसतं.