डाव्या हाताला नारळ

अमेरिकेत सध्या नारळ कुणाच्या हाती पडेल याचा नेम नाही. वर्षानुवर्षं मुरलेला इंजिनिअर सकाळी लॅपटॉप उघडतो आणि पासवर्ड चालत नाही. अशा दिवसांत मोटरसायकलस्वाराच्या डाव्या हाताची नोकरी गेली, तर त्यावर कोण अश्रू ढाळणार? पण ढाळताहेत. तेही कातडी जॅकीट घातलेले, दंडावर कवटी गोंदवलेले बाप्ये.

निमित्त आहे होंडाच्या रेबेल ११०० चं. २०२१ च्या मॉडेलपासून ही क्रूझर दोन तऱ्हांनी मिळते. एक नेहमीची, क्लच दाबा-गिअर टाका. दुसरी डीसीटी, म्हणजे ड्युअल क्लच ट्रान्समिशन. हिच्या डाव्या मुठीपुढे क्लच नाही, डाव्या पायाशी गिअर नाही. पिळा आणि सुटा. इंजिन १०८३ सीसीचं, होंडाच्याच आफ्रिका ट्विन मोटरसायकलच्या घराण्यातलं. सीट इतकी खाली की पाच फुटी माणसाचेही पाय टेकावेत. आली तेव्हा साधीची किंमत ९,२९९ डॉलर होती आणि डीसीटीची ९,९९९. (बाटाने अमेरिकेत सल्लागार नेमून दिला असावा.) म्हणजे डाव्या हाताला घरी बसवायचे सातशे डॉलर, वर दहाएक किलो वजन जास्त.

यावर कट्टर मंडळींचा आक्षेप एकच: हिच्यात आत्मा नाही. आत्म्याचा मुक्काम क्लचच्या वायरीत असतो हे आपल्या एकाही संताला कळलं नाही. आणि हे म्हणतं कोण? ज्या देशात नवी मोटार क्लचवाली मागितली तर विक्रेता भूत बघितल्यासारखा बघतो, त्या देशातला माणूस. शंभर नव्या गाड्यांत एखादी मॅन्युअल असली तर असली. गॅरेजचं दार बटणावर, नळ हात दाखवला की वाहणार, दुकानाचं दार माणूस बघून उघडणार. फक्त रविवारी सकाळी दोन तास ह्यांना कष्टाची महती आठवते.

आपली माणसं मागे कशी राहतील? मराठी मंडळांचे गणेशोत्सव इथे भाड्याच्या शाळांत होतात आणि खरा उत्सव पार्किंगमध्ये रंगतो. तिथे कुणीतरी नवी काळी रेबेल आणून उभी केली की मोदक हातात घेऊन कोंडाळं जमतं. प्रश्नांचा क्रम ठरलेला. कितीला पडली? ॲव्हरेज काय देते? मग कुणीतरी वाकून डावी बाजू बघतो, पुन्हा बघतो, आणि निकाल देतो, "गिअर नाहीत? म्हणजे ॲक्टिव्हाच की!" मालकाचा चेहरा उतरतो. दहा हजार डॉलर आणि अकराशे सीसी एका वाक्यात शनिवार पेठेत येऊन पडतात.

ह्या वाक्यामागे जुनी भानगड आहे. बिनगिअरची गाडी होंडाने आपल्याला नवी दाखवलेली नाही. पुण्याच्या फिरोदियांशी हातमिळवणी करून तिने १९८४ मध्येच कायनेटिक होंडा दिली; बटण दाबा, पिळा, निघा. आपण ती बायकोच्या नावावर घेतली, "तिला बरी पडते" म्हणून जगाला सांगितलं, आणि मंडईत मात्र स्वतः तिच्यावरून गेलो. मर्दाची गाडी म्हणजे बुलेट. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, आणि किक उलटी बसली की नडगी सोलून निघणार. ज्या गाडीने पायाला लंगडवलं नाही ती कसली गाडी, असा हा हिशेब आहे. पुढे बुलेटचा गिअर डावीकडे गेला, बटण स्टार्ट आला, तेव्हा "आता ती बुलेट राहिली नाही" म्हणणारे आज तीच बटण-स्टार्ट बुलेट घेऊन लोणावळ्याला वडापाव खायला जातात.

मुळात रेबेलला ॲक्टिव्हा म्हणणं चूक आहे. ॲक्टिव्हात पट्टा आणि दोन पुल्या असतात, गिअर नसतातच. डीसीटीत सहाच्या सहा गिअर आहेत, दातांसकट. क्लच गेलेला नाही, उलट एकाचे दोन झालेत. एक सांभाळतो पहिला, तिसरा, पाचवा; दुसरा सांभाळतो दुसरा, चौथा, सहावा. तुम्ही दुसऱ्यावर असता तेव्हा तिसरा आधीच चढवून तयार असतो; एक क्लच सोडतो, दुसरा पकडतो, आणि मागच्या सीटवरच्या बाईंचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटत नाही. संसाराच्या दृष्टीने हा शोध केवढा मोठा, हे लग्न झालेल्यांनाच कळेल.

चालवणाऱ्यांचं म्हणणं ऐकलं तर पहिल्या दिवशी सगळ्यांची गत सारखीच होते. उजव्या अंगठ्याने बटण ‘डी’वर सरकवलं की पोटातून "खट्ट" असा आवाज येतो. गाडी मात्र जागची हलत नाही; मोटारीसारखी आपण होऊन पुढे रांगतही नाही. मूठ पिळेपर्यंत गप्प उभी. मग सिग्नल जवळ आला की डावा हात हवेत काहीतरी आवळतो आणि डावा पाय नसलेला खटका दाबत राहतो. आठवड्याभराने तो नाद सुटतो. तोपर्यंत सिग्नलला शेजारच्या गाडीतली पोरं हसतात.

दुसरी तक्रार अधिक खरी आहे. ‘डी’वर ठेवली की ही गाडी कोकणस्थी काटकसर करते. वेग धरला न धरला तोच वरचा गिअर, गावातल्या गावात पाचवा-सहावा, पेट्रोल वाचवायचं म्हणून इंजिन कण्हत का जाईना. क्रूझर घेणाऱ्याला घुमारा हवा असतो, बचत नव्हे. म्हणून जाणते लोक दुसऱ्याच दिवशी ‘स्पोर्ट’वर जातात, नाहीतर डाव्या मुठीपाशी दिलेली बटणं वापरतात: अंगठ्याने गिअर खाली, तर्जनीने वर. कायम नोकरीवरून काढून हाताला दोन बोटांपुरतं कंत्राटी काम दिलं आहे.

तिसरी गोष्ट मात्र गंभीर. गर्दीच्या पार्किंगमध्ये यू-टर्न घ्या. साध्या गाडीवर आपण हाफ क्लचवर तोलून गाडी गोगलगायीच्या चालीने वळवतो. इथे क्लच संगणकाच्या ताब्यात. तो कधी पकडेल, कधी सोडेल, त्याची मर्जी. ऐन वळणावर त्याने सोडला की सव्वादोनशे-अडीचशे किलोचा ऐवज कलतो. उपाय आहे: मूठ किंचित पिळलेली ठेवायची, मागचा ब्रेक उजव्या पायाने अलगद धरायचा, आणि नजर वळणाच्या टोकाला. हे जमायला सराव लागतो. ज्यांना ऑटोमॅटिक म्हणजे अडाण्याचं काम वाटतं त्यांनी कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये, शनिवारी दुपारी, लोकांच्या ढकलगाड्यांमधून एकदा वळवून दाखवावी. बंद करून उतारावर लावली तर गिअर तिला धरून ठेवत नाही, म्हणून पार्किंग ब्रेक वेगळा दिला आहे. तो लावायला विसरणाऱ्यांना गाडीमागे धावण्याचा व्यायाम फुकट.

गंमत अशी, की अमेरिकेतल्या हजारो लोकांना क्लच शिकवला तो रेबेलनेच. १९८५ ची रेबेल २५० ही शिकवणीची गाडी. मोकळ्या पार्किंगमध्ये प्लास्टिकचे शंकू मांडून पहिला धडा तोच: क्लच हळू सोडा, पुढे जा, दाबा, मागे या. तिच्याच धाकट्या बहिणीने आता क्लचची दांडी काढून ठेवली. आणि होंडाचा हा पहिला प्रयोगही नव्हे. १९७६ ची सीबी ७५० ए, म्हणजे होंडामॅटिक, दोन गिअरची आणि ताकद छाटलेली. दोन-तीन वर्षांत गुंडाळली. मग डीएन-०१, पंधरा हजार डॉलरच्या घरातली, दिसायला पंक्चर झालेल्या शार्कसारखी, तीही गेली. सुस्त गाडी लोकांनी नाकारली ते योग्यच केलं. २०१८ च्या गोल्ड विंगला डीसीटी आली, तेव्हा म्हातारी मंडळी कुरकुर न करता चढून बसली.

म्हातारी म्हटलं म्हणून रागावू नये. अमेरिकेतल्या मोटरसायकल-मालकांचं मध्यक वय २०१८ च्या पाहणीत ५० निघालं. क्लच नकोसा होण्याचं खरं कारण तिथे आहे. मनगट दुखतं, अंगठा सुजतो, कीबोर्डने नस दाबली गेली आहे, आणि कॅलिफोर्नियातल्या ८८० हायवेवर संध्याकाळी दर वीस फुटांवर क्लच आवळायचा. डॉक्टर म्हणतो गाडी सोडा, ह्याला गाडी सोडायची नाही. मग क्लच सोडला तर कुणाचं काय गेलं? पण "सांधे दुखतात" असं गटात बोलता येत नाही. "तंत्रज्ञानाची आवड" म्हणावं लागतं.

राहता राहिली परंपरा. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीच्या हार्लेची परंपरा सगळ्यांच्या तोंडी. १९५२ पर्यंत तिच्या मोठ्या गाड्यांचा क्लच पायात आणि गिअर टाकीशेजारी हातात होता. हाताचा क्लच आला तेव्हा जुन्या पद्धतीचा हट्ट धरणारे होतेच. १९६५ मध्ये इलेक्ट्रा ग्लाइडला बटण स्टार्ट आला. आज ह्या दोन्ही गोष्टी परंपरेत जमा आहेत. २००९ पासून हार्ले कारखान्यातूनच तीन चाकांची ट्राय ग्लाइड देते: दोन चाकं मागे, एक पुढे, सामानाची पेटी, गाणी, क्रूझ कंट्रोल, मागे घ्यायला विजेवरचा रिव्हर्स. तिच्यावरचा माणूस बटण दाबून पार्किंगमधून मागे सरकतो, डावा हात क्लचवर घट्ट ठेवून शेजारच्या रेबेलकडे बघतो आणि मान हलवतो: "ही काही खरी मोटरसायकल नव्हे."