पी ताक्लाँग

थायलंडात पारंपरिक विवाहाचे आमंत्रण ज्याला एकदा तरी आले आहे, त्याला या गृहस्थाचा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. आणि ज्याला आलेले नाही, त्यानेही आपल्याकडच्या मंगल कार्यालयात, ऐन मंगलाष्टकांच्या वेळी समस्त वऱ्हाडाकडे पाठ करून उभा राहिलेला त्याचा भाऊबंद पाहिलेला असतोच. लग्नघरातील लहानथोर मंडळी त्याला 'पी ताक्लाँग' म्हणतात, म्हणजे आपले फोटोग्राफरदादा. गळ्यात दोन कॅमेरे, कमरेला बॅटऱ्यांचा पट्टा आणि, पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढणे सक्तीचे असल्यामुळे, फाटक्या मोज्यातून जगाचे अवलोकन करणारा उजव्या पायाचा अंगठा, अशा सरंजामानिशी तो भल्या पहाटे हजर होतो. आणि त्या घटकेपासून त्या घरावर ना वधूपित्याचा अंमल राहतो, ना मुहूर्ताचा. अंमल राहतो तो 'ईक रूप!' या फर्मानाचा. 'अजून एक फोटो!'

बँकॉकमधील माझ्या एका सहकाऱ्याच्या विवाहात ९ वाजून ९ मिनिटांचा शुभमुहूर्त मुक्रर झाला होता. वराची 'खान माक' मिरवणूक लांबट ढोल बडवीत, केळीचे आणि उसाचे रोप मिरवीत, म्होरक्याच्या 'हो' या आरोळीला 'हिव!' असा प्रतिसाद देत वधूच्या अंगणात शिरली, तोच 'ईक रूप!' झाले आणि सगळा लवाजमा, केळीच्या रोपासकट, गल्लीच्या तोंडाशी परत गेला. दाराशी वधूकडील मुली सोनेरी साखळी आडवी धरतात आणि वराने पैशांचे पाकीट हातावर ठेवल्याखेरीज वाट देत नाहीत. पाकीट देतानाचा क्षण पी ताक्लाँगच्या मनाजोगा टिपला गेला नाही. मुलींनी अत्यंत तत्परतेने साखळी पुन्हा ताणली. मात्र पहिले पाकीट परत करण्याची तरतूद कोणत्याच रूढीत नसल्यामुळे वराला दुसरे काढावे लागले, आणि तिसऱ्या 'ईक रूप'ला त्याच्या मित्राने स्वतःचा खिसा रिता केला. त्या मुलींइतका कलेचा पुरस्कार मी अन्य कोणी केलेला पाहिला नाही.

पुढे 'सिन सोत'चा विधी आला. वराने आणलेली रोकड आणि सोने (तेही बाट वजनात मोजलेले, म्हणजे बाटाला १५ ग्रॅमहून किंचित अधिक) वस्त्रावर मांडून त्यावर तांदूळ, तीळ, कडधान्ये आणि फुले उधळतात, आणि मग वधूची आई ते गाठोडे खांद्यावर घेऊन, जणू द्रव्याचा भार सोसवत नाही अशा आविर्भावाने, कण्हत वाकत आत नेते. कित्येक घरी ही रक्कम पुढे नवदांपत्यालाच परत मिळते, त्यामुळे हे कण्हणे निव्वळ शुभसूचक अभिनय असतो. पी ताक्लाँगने त्या माउलीला इतक्या वेळा गाठोडे उचलावयास लावले की अखेरचे कण्हणे, माझ्या अंदाजाने, पूर्णतः अस्सल होते.

शंखोदकाच्या समयी तर कहर झाला. एकाच पांढऱ्या सूत्राने जोडलेली शिरोवेष्टने धारण करून वधूवर हात जोडून बसतात आणि वडीलधारी मंडळी क्रमाक्रमाने त्यांच्या हातांवर शंखातून जल सोडतात. एका वयोवृद्ध काकांना त्याने शंख कलता धरूनच थांबविले. प्रकाश जुळेपर्यंत जल संपले, आणि काकांनी रिकाम्या शंखाने संपूर्ण आशीर्वाद गांभीर्याने पुरा केला. छायाचित्रात काही कळत नाही म्हणे.

त्याचा हुकूम चालत नाही तो केवळ भिक्षूंपुढे. त्यांच्या मस्तकाहून आपले मस्तक उंच होऊ नये म्हणून तेथे तो गुडघ्यांवर सरपटतो, आणि मध्यान्हापूर्वी त्यांचे भोजन उरकावयाचे असल्यामुळे फेरपठणाची दरखास्त करण्याचे धाडसही करीत नाही.

या इसमाविषयी बरे लिहिण्याचा माझा मुळीच इरादा नव्हता. परंतु शंखोदक देऊन परतणाऱ्या वृद्धांना तो एकेक करून खिडकीपाशी नेऊन बसवितो, हे माझ्या ध्यानात जरा उशिरा आले. आजीबाईंच्या रेशमी उपरण्याची चुणी तो स्वतः सारखी करतो, एकदाच कळ दाबतो आणि वाकून नमस्कार करतो. 'ईक रूप' उच्चारीत नाही. कारण विचारले तेव्हा कॅमेऱ्याची काच पुसत त्याने सांगितले की, अंत्यविधीत शवपेटीपुढे चौकटीतला फोटो मांडावा लागतो, आणि त्या गडबडीत मुलांच्या हाती बहुधा ओळखपत्रावरचाच लागतो. असे फोटो तो वेगळ्या पाकिटात घालून घरच्यांना देतो, आणि त्यांचे पैसे लावीत नाही.

तेव्हा वाचकहो, थायलंडात कुणाच्या लग्नाला जाण्याचा योग आला, तर घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य बरोबर न्या आणि त्याने बसविले तेथे त्यांना बसू द्या. मात्र वराकडून जाणार असाल, तर पाकिटे दुप्पट बाळगा.