चिपसाहेबांच्या वामकुक्षीबाबत अनावृत पत्र

प्रति,
मा. ग्राफिक्स चिप साहेब,
मुक्काम : लॅपटॉपच्या पोटात, पंख्याशेजारी

विषय : कामाच्या वेळेत वारंवार लागणाऱ्या डोळ्याबाबत

सा. न. वि. वि.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या लिनक्सवाल्यांना साहेबांविषयी किती आदर आहे, हे एका पत्रात मावणार नाही. अलीकडे तर आदर करणाऱ्यांची संख्याच वाढली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नेहमीची अपडेट्स थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत बरेच धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत म्हातारे ठरले आणि त्यांतल्या काहींवर उबुंटू किंवा मिंट चढले. मालक खूश होतो. मशीन झटपट सुरू होते, वायफाय सापडते, देवनागरी नीट दिसते. मग एका दुपारी, अगदी निवांत वेळी, साहेबांचा डोळा लागतो. पडद्यावरचे पान तसेच्या तसे, माउसचा बाण जागच्या जागी. कीबोर्ड बडवा नाहीतर हात जोडा, सारखेच.

यावर निदान सांगणाऱ्यांची या दोन जिल्ह्यांत कमतरता नाही. मे महिना असेल तर उन्हाचे नाव निघते, पावसाळा असेल तर दमटपणाचे, बाकी वर्षभर विजेच्या वरखाली होण्याचे. कुणीतरी रॅमची पट्टी काढून तिचे दात खोडरबराने घासून देतो. (ही विद्या फुकाची नाही. संपर्क खराब झाला असेल तर तिने खरेच काम होते.) दुसरा म्हणतो, फॉरमॅट मारून देतो. तिसरा आधीच सांगून चुकलेला असतो, की लिनक्स टाकलेस ना, आता भोग.

साहेबांचे नाव मात्र कुणी घेत नाही. हा साहेबांच्या पदाचा मान समजावा.

आता उन्हाचेच बघा. तापण्याने मशीन अडकत असते तर ते गेम खेळताना, व्हिडिओ कापताना, पंखा घरघरत असताना अडकले असते. तसे काही वेळा होतेही, आणि तेव्हा पंख्यातली धूळ काढणे हाच इलाज. पण तक्रारींचा मोठा भाग उलट्या वेळेचा आहे. वाईहून निघणाऱ्या मराठी विश्वकोशाची एखादी लांबलचक नोंद कुणी संगणकावर वाचत बसले आहे, पडद्यावर काहीच हलत नाही, पंखाही शांत आहे, आणि अशा वेळी सगळे गोठते. उष्णतेचा इथे संबंध नाही. साहेबांना काम नव्हते, म्हणून साहेब झोपले, आणि हाक मारल्यावर उठले नाहीत, एवढेच.

झोपण्याची परवानगी साहेबांना रीतसर मिळालेली आहे. बॅटरी टिकावी म्हणून गेल्या दीड-दोन दशकांत लॅपटॉपचा प्रत्येक भाग डुलकी काढायला शिकला. पॅनेल सेल्फ रिफ्रेश ही त्यातली एक सोय. चित्र बदलत नसेल तर पडद्याने स्वतःच्या छोट्याशा स्मृतीत ठेवलेले चित्रच दाखवत राहायचे आणि चिपने तेवढ्यात पडून घ्यायचे. कल्पना सुरेख आहे. पण पडदा एका कंपनीचा, चिप दुसरीची, ड्रायव्हर तिसऱ्याने लिहिलेला. जागे होण्याच्या इशाऱ्यात जरा गफलत झाली की पडदा जुनेच चित्र धरून बसतो आणि माणूस समजतो की मशीन मेले.

साहेबांच्या घराण्याचा, म्हणजे भाऊबंद प्रोसेसरांचा, इतिहासही याला साक्ष आहे. इंटेलच्या बे ट्रेल पिढीचे प्रोसेसर, म्हणजे सेलेरॉन एन२८४० सारखे, स्वस्त लॅपटॉपांत सर्रास बसवले जात. लिनक्सवर ते एकाएकी दगड होत. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, तक्रारवहीत २०१५ साली नोंदवलेल्या १०९०५१ क्रमांकाच्या तक्रारीखाली जगभरच्या लोकांनी शेकडो प्रतिसाद लिहिले. तात्पुरता उतारा निघाला तो असा : ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’, अर्थात प्रोसेसरला गाढ झोप बंद. मशीन अडकायचे थांबले, बॅटरी लवकर संपू लागली. २०१७ च्या पहिल्या पिढीच्या रायझनचीही तीच कथा. ती चिपही लिनक्सवर रिकामी बसली की गोठायची, आणि बायॉसमध्ये जाऊन तिची निष्क्रिय अवस्थेतली वीजबचत कमी केली की बरी व्हायची.

एनव्हीडिया घराण्याची झोप तर खानदानीच म्हणावी. दोन चिप असलेल्या लॅपटॉपात मोठी चिप काम नसताना पूर्ण बंद केली जाते. २०१६ साली नोंदवलेल्या १५६३४१ क्रमांकाच्या तक्रारीत ती पुन्हा चालूच होत नाही, असे गाऱ्हाणे आहे. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा फक्त यंत्रातले भाग मोजून यादी दाखवते. ती दिली तरी अख्खे मशीन थिजायचे. नुसती हजेरी घेतली म्हणून! त्यावरचा एक इलाज वाचून हसावे की रडावे कळत नाही. लॅपटॉपचे फर्मवेअर सुरुवातीला विचारते, आपण कोणती विंडोज? उत्पादक बहुतेक विंडोजवरच तपासून माल बाहेर काढतात, म्हणून लिनक्स आधीपासूनच स्वतःला विंडोज म्हणवून घेतो. इलाज असा, की त्याने जरा जुनी विंडोज असल्याची बतावणी करायची, म्हणजे फर्मवेअर झोपेचा जुना, साधा रिवाज पाळते. अशाच दोन-चिपी लॅपटॉपांबद्दलच्या प्रश्नावर लिनस टोरवाल्ड्स यांनी जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात भर सभेत एनव्हीडियाला मधले बोट दाखवले होते. कंपनीने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. दोन्हींच्या मध्ये दहा वर्षे गेली. साहेबांच्या खात्यात फाइल अशीच हलते.

असो. साहेबांवर खटला चालवायचा तर पुरावा हवा, आणि लोक तोच आधी पुसतात. पॉवर बटण दाबून धरायचे, परत सुरू करायचे, दोनदा झाले की फॉरमॅट.

त्याआधी कान द्यायला हवा. गाणे चालू होते का? चित्र अडकूनही गाणे पुढे जात असेल, कॅप्स लॉकचा दिवा दाबल्यावर पेटत-विझत असेल, तर मशीन जिवंत आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले त्या सांगलीला हे चटकन कळावे : पडदा अडकला आहे, आत नाटक चालूच आहे. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यास साधा काळा अक्षरी पडदा मिळू शकतो. लॅपटॉपवर एसएसएच आधीच सुरू ठेवले असेल तर मोबाइलवरच्या टर्मक्स अॅपमधूनही आत शिरता येते. दिवा ढिम्म, गाणेही एकाच सुरावर अडकलेले असेल, तर प्रकरण बे ट्रेलच्या जातीचे समजावे.

तिसरा प्रकार साहेबांच्या माथी उगाच मारला जातो. चार जीबी रॅममध्ये ब्राउझरचे वीस टॅब उघडले, की स्मृती संपते, डिस्क अखंड खरडत राहते आणि बाण मिनिटाला एकदा हलतो. त्यात ग्राफिक्सचा दोष नाही. हे कबूल करणे भाग आहे.

बंद करायचेच तर त्याचीही पद्धत आहे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून सावकाश आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे दाबावीत, असे जुने जाणते सांगतात. उबुंटूवर मात्र या कळांचे मूळ सेटिंग १७६ असते, त्यात शेवटची तीनच चालतात : डिस्कवर राहिलेले लिहून घे, डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव, पुन्हा सुरू कर. फाइली वाचवायला तेवढे पुरे.

मशीन उठले की सगळ्यात आधी मागच्या बूटची नोंद काढायची. ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’. शेवटच्या ओळींत इंटेलचे ‘जीपीयू हँग’ असते, किंवा एएमडीचे ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’, किंवा एनव्हीडियाचा एक्सआयडी क्रमांक. त्यातला ७९ म्हणजे चिपचा उरलेल्या मशीनशी संपर्कच तुटला. कधी शेवटची ओळ डिस्कवर पोचण्याआधीच सगळे थांबते आणि हाती काही लागत नाही. तेही एक उत्तरच आहे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. अशा जाणत्या पोरांकडे ‘हँग होतो ओ’ एवढेच घेऊन जाणाऱ्याने त्यांचा वेळ खाऊ नये. चिप कोणती, कर्नल कोणता, शेवटची ओळ काय, एवढे कागदावर न्यावे.

पुढचे काम धीराचे. बूट होताना ग्रबच्या यादीवर ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ जोडून इंटेलच्या चिपसाठी पॅनेल सेल्फ रिफ्रेश बंद करता येते. एएमडीसाठी ‘एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०x१०’ हेच काम करते. हा बदल त्या एका बूटपुरता टिकतो, त्यामुळे बिघडण्याची धास्ती नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन-चार दिवस नेहमीचे काम करून बघावे. कुठूनतरी सात पर्याय उचलून एकदम चिकटवणाऱ्याचे मशीन बरे झाले, तरी कशाने ते त्याला कधीच कळत नाही, आणि पुढची तीन वर्षे तो ते सातही वाहत बसतो. ‘नोमोडसेट’ हा तर शुद्ध दांडपट्टा : साहेबांना कामावरूनच काढून टाकायचे आणि पडदा कसाबसा ढकलायचा. इन्स्टॉल करताना अडले तर ठीक, रोजच्या वापराला नाही.

तरी साहेबांनी कृपा करून झोपण्याआधी उठण्याची वेळ ड्रायव्हरला कळवत जावी. कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
सातारा-सांगलीचे लिनक्सवाले

ता. क. : नवा कर्नल आला की लगेच जुना पुसणाऱ्यांसाठी. २०२२ च्या सप्टेंबरअखेर आलेल्या ५.१९.१२ मध्ये इंटेलच्या काही लॅपटॉपांचे पडदे फडफडू लागले. पडद्याला वीज देण्या-तोडण्याच्या वेळा चुकत होत्या, आणि त्याने पडदा कायमचा बिघडू शकतो, असा इशारा इंटेलच्याच अभियंत्याने दिला. लगोलग ५.१९.१३ काढून ती चूक मागे घेतली गेली. तोवर ज्यांच्याकडे जुना कर्नल शिल्लक होता, ते ग्रबच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून तो निवडून काम करू शकत होते.

सोबत :
१) मागच्या बूटच्या नोंदीची प्रत
२) चार्जर (साहेबांची झोप बंद केल्यामुळे)