चिरुटाला सर्दी होते म्हणे!

ऐकलंत का? आमच्या डहाणूच्या सरावलीत एका घरी एसी बसला. कुणाच्या खोलीत बसला असेल? ताईच्या सासूबाईंच्या? छे! ताईच्या? तिचं एवढं नशीब कुठलं? एसी बसला चिरुटांच्या खोलीत. घरातली चार जिवंत माणसं मे महिन्यात वर्तमानपत्राने वारा घेतायत आणि पंचवीस चिरूट 21 अंशांत गारेगार पहुडलेत. माझे सख्खे भावोजी आहेत म्हणून बोलते. परक्याचं असतं तर मी चकार शब्द काढला नसता. (बरं, काढला असता.)

भावोजी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा ताईला वाटलं होतं, आता हे चिकूच्या वाडीत लक्ष घालतील. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा भावोजींनी गावभर पेढे वाटले होते. पण झाडाखाली पडलेला चिकू काही वाकून उचलला नाही. अशात दुबईहून त्यांचा भाचा आला. कस्टमच्या नियमात माणशी 25 सिगार आणता येतात, त्याने मोजून तेवढे आणले. जाता जाता एवढंच म्हणाला, "मामा, ह्यांना 70 टक्के दमटपणा लागतो हं." तो गेला परत दुबईला. इथे भावोजी मात्र कामातून गेले.

सत्तर टक्के! आणि हे सांगतोय कुणाला, तर डहाणूच्या किनाऱ्यावरच्या माणसाला! आमच्याकडे जून लागला की भिंतींना घाम फुटतो, काडेपेटी दहा काड्या खाऊन एक पेटवते, चामड्याच्या चपलेला दाढी येते आणि पापड घडी घालून रुमालासारखा खिशात ठेवता येतो. हवेत 80-90 टक्के पाणी फुकट तरंगतंय, आणि हे गृहस्थ दमटपणा विकत घेतायत!

पण थट्टा बाजूला ठेवून भावोजींनी मला समोर बसवलं आणि शिकवणीच घेतली. चिरूट म्हणजे नुसतं गुंडाळलेलं पान. हवेतलं पाणी ते पितं आणि हवेला परतही देतं. कोरड्या हवेत राहिलं की वरचं पान तडकतं, आतली तेलं उडून जातात, आणि मग ते गवतासारखं भडाभडा जळतं. पंचाहत्तरच्या वर गेलं की फुगतं, ओढलं जात नाही आणि बुरशी धरते. म्हणून 70 टक्के दमटपणा आणि 70 अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले 21 सेल्सिअस, असा साहेबी मंत्र. त्यातही पंथ आहेत हो! क्यूबाचे सिगार 65 लाच ठेवावेत म्हणणारे, 62 वर हट्टाने बसलेले, आणि 72 शिवाय जीव न लागणारे. दाते पंचांग खरं की टिळक पंचांग, यावर आमच्या आजोबांच्या बैठकीत जेवढी खडाजंगी व्हायची, तेवढी भावोजींच्या चार मित्रांत 65 आणि 69 वरून होते. बरं, त्या चौघांतल्या तिघांनी जन्मात बिडीसुद्धा ओढलेली नाही.

आता खरी चविष्ट गोष्ट ऐका. हा दमटपणा राखायला एक पुडी मिळते. मिनेसोटाच्या बोव्हेडा कंपनीची. चिरुटांच्या पेटीत ठेवली की हवा कोरडी असेल तर पाणी सोडते, ओली असेल तर शोषते. आकडा पुडीवरच छापलेला: 65, 69, 72. भावोजी ती दोन बोटांत धरून अंगाऱ्यासारखी दाखवतात. मी विचारलं, "आत आहे काय?" तर म्हणाले, "मिठाचं पाणी." मी म्हटलं, काय? मिठाचं पाणी? वसईपासून खाडीखाडीला मिठागरं असलेल्या आपल्या जिल्ह्यात अमेरिकेहून खारट पाणी? माझ्या हातातला चहा सांडला, खोटं नाही सांगत.

पुड्यांबरोबर दमटपणा मोजायचं यंत्रही मागवलं, हायग्रोमीटर. ते गेलं भिवंडीजवळच्या सरावलीला. तिथून निघालं ते बोईसरच्या सरावलीला पोचलं. तीन सरावल्यांची यात्रा करून आमच्याकडे येईपर्यंत भावोजींनी जेवण सोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आल्यावर कळलं की यंत्र खरं बोलतंय की नाही हे आधी तपासावं लागतं. त्याचा विधी असा: बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून रवाळ चिखल करायचा, विरघळू द्यायचं नाही, मग झाकण आणि यंत्र एका पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी काटा बरोबर 75 वर हवा. मिठाच्या अशा लगद्यावरची बंद हवा नेमकी तिथेच थांबते, हा निसर्गाचा नियम. आमचा काटा 71 वर. म्हणजे यंत्र चार घरं मागे. भावोजींनी काचेवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं, "अधिक 4".

ताई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे मीठ ओलं झालं की हवा पंचाहत्तरच्या वर गेली, असंच ना? मग माझ्या बरणीत डोकावायचं होतंत. पैसे कशाला घातलेत?"

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. कारण ताईचं शंभर टक्के खरं! शुद्ध मीठ हवेतल्या पाण्याने पाझरायला लागतं ते पंचाहत्तरच्या आसपासच, आणि चिरुटाला बुरशीची भीती सुरू होते तीही तिथूनच. (खडेमीठ आधीच रडतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात म्हणून. तेव्हा बरणी बघायची तर बारीक मिठाची.) आपल्या आज्या मिठात तांदळाचे दाणे टाकायच्या, त्यांना कुणी तज्ज्ञ म्हटलं नाही.

आणि पान जपणं ही काय आपल्याला नवी गोष्ट आहे? केळवे-माहीमच्या पानमळ्यांतली पानं पानवाला ओल्या फडक्यात गुंडाळूनच ठेवतो. सिन्नरच्या आणि निपाणीच्या विडीकामगार बायका तेंदूची पानं आदल्या दिवशी भिजवतात, ओल्या बारदानात बांधतात, तेव्हा ती दुसऱ्या दिवशी न तडकता वळतात. एसी नाही, पुडी नाही, काटा नाही, बोटांना कळतं. तंबाखूही काही दुबईने आपल्याला दाखवली नाही. सोळाशेच्या सुमाराला अकबराचा दूत असद बेग विजापूरहूनच ती दरबारात घेऊन गेला. बादशहाने दोन झुरके मारले आणि हकीम चिडले. पुढे जहांगीराने 1617 मध्ये बंदीच घातली. सासूबाईंना जहांगीर एकदम आवडायला लागलाय.

हे सगळं असताना परवा पेटीत भोकं सापडली! टाचणीच्या टोकाएवढी, तीन सिगारना. भावोजींचा चेहरा असा, की मी आधी विचारलं, घरात कुणाचं काय बरंवाईट झालं का. तंबाखूचा किडा. पारा 24-25 च्या वर गेला की त्याची अंडी फुटतात, आणि मध्यंतरी दोन रात्री लाइट गेली होती. ताईने चष्मा लावून किडा निरखला आणि म्हणाली, "अय्या, हा तर माझ्या धनेपुडीतला!" खरंच तोच. हळद, तिखट, धनेपूड आणि हवाना, त्याला सगळं सारखंच गोड.

उपाय काय, तर सिगार पिशवीत बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये. आता डहाणूच्या घरात फ्रीझर म्हणजे काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. एका बाजूला कोलंबी, दुसऱ्या बाजूला बोंबील, मध्ये बावीस चिरूट. पिशवीला एक बारीकशी चीर होती म्हणे. बाहेर काढल्यावर एक पेटवला, तर शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "आज बोंबील भाजताय का?"

डॉक्टरांनी भावोजींना स्वच्छ सांगितलंय, धूर छातीत नाही घेतला तरी तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर चुकत नाही. त्यावर यांचं उत्तर, "ओढतोय कुठे? सांभाळतोय." ते मात्र खरं. पंचवीसपैकी तीन किड्याने खाल्ले, एकाने बोंबलाचा वास दिला, एकवीस एसीत आहेत.

हायग्रोमीटर आता ताईने स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांशेजारी टांगलाय. काल संध्याकाळी 79 दाखवत होता, अधिक 4. पापडाचे डबे नीट लावून घ्या.