डॉल्फिनदर्शन, वाशीमहून

वाशीमला समुद्र नाही. म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीत आपली मंडळी दापोलीजवळच्या मुरुडला होडीत दिसतात. होडीवाला ओरडतो, "तो बघा!" सगळे एकाच बाजूला धावतात, होडी कलते, मोबाइल उंचावतात आणि फोटोत येते पुढच्याची टोपी. डॉल्फिन बिचारा श्वास घ्यायला वर आलेला. त्याला फुप्फुसं आहेत, माशासारखे कल्ले नाहीत. पण एक श्वास घ्यायचा, तर मागे चार होड्यांची फटफट! पाठीवरचं कुबड दिसलं की पैसे वसूल. नाहीच दिसलं, तर लाटेला डॉल्फिन म्हणून गावी सांगायचं. तिथे तपासणार कोण? इकडे कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट दिवसाढवळ्या उड्या मारतात. ते बघायला लाइफ जॅकेटही लागत नाही.