मिनीआपोलिसहून शिवाजी पेठेस

ती. आई,

डिसेंबरात पेठेतल्या गच्चीवर गुलाबांना कळ्या मावत नव्हत्या, असं तुम्ही फोनवर सांगत होतात, तेव्हा तुमच्या चिरंजीवांचे गुलाब जमिनीखाली होते. त्यांनी ते स्वतःच्या हातांनी पुरले होते. जिवंत!

थट्टा नव्हे. अल्बर्ट नेल्सन नावाच्या गृहस्थांनी ही रीत काढली. ऑक्टोबरच्या मध्याला फांद्या सुतळीनं आवळायच्या, शेजारी चर खणायचा, एका बाजूची मुळं सैल करून अख्खं झाड चरात आडवं करायचं, वर माती आणि मातीवर पाचोळ्याचा जाड थर. सुतळीचं टोक तेवढं बाहेर ठेवायचं, नाहीतर वसंतात झाड शोधायचं कुठं? चिरंजीव संधिप्रकाशात कुदळ घेऊन माणसाएवढा खड्डा खणत होते आणि समोरच्या आजीबाई पडद्याआडून माझी खुशाली तपासत होत्या. शेवटी मी खिडकीत जाऊन हात हलवला.

इथली थंडी म्हणजे रंकाळा तलावावर स्वेटर घालून मिरवायची थंडी नव्हे. ३० जानेवारी २०१९ ला या शहरात पारा उणे ३३ अंशांवर गेला होता. उघड्यावरची फांदी त्यात सरळ मरते. मातीखाली मात्र गारठा इतका कडक नसतो. लिंडेल पार्कात १९०८ पासून सार्वजनिक गुलाबबाग आहे ती काही देवाच्या भरवशावर नाही.

एप्रिलमध्ये उत्खनन झालं. मग पंचनामा. चिरंजीव गुडघ्यांवर बसून एकेका फांदीची साल नखानं खरवडत होते. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. तपकिरी दिसलं तर कात्री खाली सरकवायची, कापायचं, आतला गाभा बघायचा, पुन्हा खाली. गाभा खोबऱ्यासारखा पांढरा लागला की थांबायचं. छातीएवढी झाडं वीतभर उरली. अशा एका खुंटाकडे बघून चिरंजीव ओरडले, "जित्ता हाय की गं!" अमेरिकेत इतकी वर्षं काढली, पण आनंद झाला की तोंडून पेठच बाहेर पडते.

आपल्याकडे छाटणी ऑक्टोबरात. इथं फोर्सिथियाचं पिवळं झुडूप फुलेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही, असं जाणकार सांगतात. घाईनं छाटलं की कोवळे फुटवे उशिराच्या हिमात करपतात.

आता 'पीस' जातीच्या गुलाबाची हकीकत. गॅरेजशेजारचा तो एकच गुलाब चिरंजीवांनी हट्टानं उभा ठेवला होता. मे महिन्यात तो सगळ्यांच्या आधी फुटला, काठ्यांसारखे धुमारे आले, मित्रांना फोटो गेले. जूनमध्ये फूल उमललं ते गर्द लाल! फिकट पिवळ्या पाकळ्यांना गुलाबी कड असलेला 'पीस' केव्हाच वर गेला होता. डोळा भरलेला भाग थंडीनं मेला आणि ज्यावर कलम केलं होतं तो खालचा खुंट मोकळा सुटला. या खुंटाच्या जातीचं नाव 'डॉक्टर ह्युई'. फिलाडेल्फियाच्या एका गुलाबवेड्या दंतवैद्याच्या नावावरून ठेवलेलं. चिरंजीव त्याला उपटायला तयार नाहीत. पाहुण्यांना 'जुनी जात आहे' म्हणून दाखवतात.

माझं मत कॅनडाच्या 'विल्यम बॅफिन'ला. सरकारी संशोधिका फेलिसिटास स्वेज्दा यांनी ओटावात पैदा केलेला हा गुलाब १९८३ मध्ये बाजारात आला. स्वतःच्या मुळांवर वाढवलेलं रोप घेतलं तर वरचं सगळं गोठलं तरी खालून तोच गुलाब फुटतो. पुरणं नाही, उकरणं नाही. चिरंजीवांची तक्रार एवढीच, की त्याला म्हणावा तसा वास नाही.

तेव्हा आई, तुम्ही इकडे यायला निघालात की वासासाठी म्हणून ते तुमच्याकडे एडवर्ड गुलाबाची फांदी मागतील. ओल्या फडक्यात गुंडाळून, लोणच्याच्या बरणीशेजारी लपवून आणा असंही सुचवतील. कृपा करून आणू नका. रोपं-कलमं रोगमुक्ततेच्या सरकारी दाखल्याशिवाय इथल्या विमानतळावरून बाहेर पडत नाहीत. त्याऐवजी घरचा गुलकंद आणा, आणि तोही सामानाच्या यादीत लिहा.

तुमची सून