उणे बारा भागिले उणे तीन

गणिताच्या मास्तरांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तथापि सातवीच्या मुलांवर ‘सारखी चिन्हे असली की उत्तर अधिक, भिन्न असली की उणे’ असे फर्मान बजावायचे आणि त्याची कारणमीमांसा मात्र दप्तरखान्यात कुलूपबंद ठेवायची, ही जी प्रथा आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिच्याविरुद्ध एखादा तक्रारअर्ज गुदरावा असे मला फार दिवसांपासून वाटत होते. निमित्त आमच्या नातीने पुरविले. उणे बाराला उणे तीनने भागून अधिक चार हे बिनचूक उत्तर वहीत मांडल्यावर तिने विचारले, “आजोबा, दोन्हीकडे कर्जच होतं, मग हे चार जमेला कोणी आणून टाकले?”

महसूल खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाने असल्या प्रश्नाला डगमगू नये. मी तिला तगाईची हकिगत सांगितली. बारा रुपयांची थकबाकी तीन भावांत विभागली की प्रत्येकाच्या माथी चार रुपयांचे कर्ज बसते. वडिलार्जित जमिनीच्या वीतभर बांधावरून एकमेकांवर फिर्यादी गुदरणारे हेच बंधू या वाटणीच्या वेळी मात्र अकस्मात उदार होऊन ‘माझाही हिस्सा तूच घे’ असा प्रेमळ आग्रह धरतात, एवढे सोडल्यास उणे बारा भागिले तीन यात गूढ असे काही नाही. परंतु बाराच्या कर्जातून तीन-तीनचे कर्ज फेडत जायचे ठरले, तर बाराही उणे आणि तीनही उणे. बाराच्या कर्जात तीनचे कर्ज चार वेळा मावते, आणि ते चार रुपये नव्हेतच, ती हप्त्यांची गणती आहे. हप्ते कधी उणे असल्याचे माझ्या अवलोकनात नाही, आणि सावकाराच्या तर स्वप्नातही नसेल.

राहता राहिले अधिक बारा भागिले उणे तीन. दररोज तीन रुपयांनी उतरणाऱ्या शिलकेत आजच्यापेक्षा बारा रुपये अधिक केव्हा होते, असा प्रश्न केला तर उत्तर येते चार दिवसांपूर्वी, म्हणजेच उणे चार. पेन्शनर मंडळी हा भागाकार महिनाअखेरीस विनासायास करतात.

ही जमाखर्ची दृष्टी काही माझ्या पदरची नव्हे. इ.स. 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन आणि ऋण यांच्या भागाकाराचे नियम असेच नमूद केले आहेत. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त वानरांच्या कळपाचे एक गणित आहे: कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून आलेल्याचा वर्ग एवढे वानर गुहेत शिरले आणि एक फांदीवर दिसला. संख्या पन्नास येते, तशी पाचही येते. पण पाच घेतल्यास वर्गापूर्वी उणे दोन वानर मानावे लागतात, आणि ऋण लोकांना पटत नाही म्हणून आचार्यांनी ते उत्तर नामंजूर केले. आमच्या पूर्वजांना लोकमताची चाड होती!

युरोपात तर प्रकरण अधिकच चिघळले. सतराव्या शतकातील फ्रेंच पंडित आर्नो यांनी हरकत घेतली की एकाला उणे एकने भागा किंवा उणे एकला एकाने, उत्तर एकच येते. मग मोठ्याचे लहानाशी जे नाते तेच लहानाचे मोठ्याशी कसे असेल? पुढे 1758 साली फ्रान्सिस मॅसेरेस या इंग्रज कायदेपंडिताने ऋण संख्यांविरुद्ध अख्खा ग्रंथच लिहिला. आणि उण्याशी उभे वैर मांडणाऱ्या या गृहस्थाची 1773 मध्ये नेमणूक झाली ती सरकारी खजिन्याच्या न्यायासनावर!

नातीचे समाधान झाले असावे, कारण तिने पुढचे उदाहरण न विचारता सोडविले. तिच्यासारख्या जिज्ञासूंना एवढीच सूचना, की याच ब्रह्मगुप्ताने शून्याला शून्याने भागले असता शून्य येते असेही लिहून ठेवले आहे. ते परीक्षेत उतरवू नये, गुण मिळत नाहीत.